मागून आणलेलं कापड

माह्या नवऱ्याले आनंद झाला का तो घरात सामान आणते. दुसरं कोणी पेढे वाटन, देवाले नारळ फोडन. वैभव टेम्पो बोलावते. मागं त्याले लाइट फिटिंगचं एक मोठं काम भेटलं होतं, तं घरात दुसरा कूलर आला. पहिला चांगला धडधडीत चालून राहिला होता, तरी. म्हणून दत्तक देणाऱ्या संस्थेतून फोन आला अन् मॅडम म्हणाल्या का तुमच्यासाठी एक मुलगी आहे, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं का आता हा माणूस बाजार उचलून आणते. पण त्या दिवशी मी शुद्धीवर कुठं होती? फोन ठेवला अन् पिकोच्या मशीनवर डोकं टेकवून बसली. मशीनखाली कोणाची तरी नवी साडी होती. रडून रडून मी तिचा पदर ओला करून टाकला, अन् मंग तिच्यावरच इस्त्री फिरवत बसली.

आमचं घर नागपुरातल्या नंदनवन भागात, दोन माळ्याचं. खाली माही सासू कौशल्याबाई, धाकटा दीर, त्याची बायको मोनाली अन् त्यांचे दोन लेकरं. वर मी, वैभव अन् माही फॉल-पिकोची मशीन. खालून दिवसभर लेकरांचा आवाज येते, वरून मशीनचा. कितीकदा तं मी मशीन बंद करून नुसती ऐकत राहे. खाली कोणी पडलं, कोणी रडलं, कोणाले धपाटा बसला, सारं मले वर समजे. मंग गिऱ्हाईक आलं का विचारे, "ताई, लाइट गेली का?" मी म्हणे, हाव, गेली.

लग्नाले तप उलटून गेलं आमच्या. दोनदा दिवस गेले अन् दोनदा मी रिकाम्या हातानं दवाखान्यातून घरी आली. त्यानंतर दत्तकासाठी नाव लिहिलं अन् वाट पाहत बसलो. लोक म्हणते वाट पाहाची सवय होते. काही सवय होत नाही. फोन वाजला का छातीत धडकन होते अन् पाहावं तं कोणीतरी विचारून राहिलं असते का फॉल बीडिंगचे किती घेता.

तं वैभवनं खोली सजवली. मी अडवलं का? नाही अडवलं, खोटं कायले बोलू. मी पण हरखून गेली होती. कोपऱ्यातल्या खोलीत माहे कापडाचे गठ्ठे राहत, ते काढले. भिंतीले गुलाबी ऑइल पेंट मारला, ओल्या कापडानं पुसता येते म्हणून. मंग टेम्पो आला. त्यातून लेकराचा पलंग निघाला, पांढरा, त्याच्यावर सशाचं चित्र. तशीच आलमारी निघाली. फोमची गादी, पन्नीत गुंडाळलेली. डाग न पडणारी चादर, चुरगळा न होणारे पडदे. शेजारपाजारचे, सोयरेधायरे येऊन पाहून गेले अन् प्रत्येक जण नवीन फ्रॉकचा डबा ठेवून गेला. फक्त माहे बाबा आले तांडापेठेतून, त्यांनी दारातच नाक मुरडलं. बाबांनी जन्मभर हातमाग चालवला. ते चादर बोटांत चोळून म्हणाले, "कांजीचा वास नाही हा, पोरी. हे काही दुसरंच आहे." आम्ही म्हटलं, म्हातारा माणूस, त्यांले नवीन काही आवडत नाही.

मंग आम्ही पोरीले पाहाले गेलो.

संस्थेत तिले करिष्मा म्हणत. नऊ महिन्यांची. तिथल्या ताईनं तिले माह्या मांडीवर ठेवलं अन् ती माह्याकडं पाहून न हसली न रडली, नुसती माह्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरून बसली. मी श्वास पण हळू घेऊन राहिली होती, का ती सोडून देईन म्हणून. तेवढ्यात मले तिच्या छातीतला आवाज आला. घर्र, घर्र. मांजर पोटाशी झोपलं का येते तसा. मी घाबरून तिथल्या डॉक्टरीणबाईकडं पाहिलं.

त्या म्हणाल्या, "छाती नाजूक आहे हिची. दोनदा धाप लागून ॲडमिट झाली होती. वाढत्या वयात कमी होईल, पण सध्या जपायला लागेल. घरात ताजा रंग नको. नवीन प्लायवूडचं फर्निचर, फोमची गादी, वास येणारं काहीच तिच्या खोलीत नको. कपडेसुद्धा जुने घाला, दहा पाण्यांतून निघालेले, मऊ. नवीन कपड्यांवर फिनिशिंगचं काय काय मारलेलं असतं."

मी वैभवकडं पाहिलं. वैभव पंख्याकडं पाहून राहिला होता.

घरी आलो, खोलीचं दार उघडलं, अन् मले पहिल्यांदा तो वास खरोखर आला. दिवसभर खोली बंद, बाहेर मे महिन्याचं ऊन. वास असा अंगावर आला का डोळ्यांले पाणी सुटलं, घशात खवखव. आलमारीचं दार उघडलं तं अजून तिखट. हा वास मले नवा नव्हता. नव्या साड्यांचा गठ्ठा बंद खोलीत सोडला का असाच डोळ्यात जाते. मी रोज खिडकी उघडून बसते अन् गिऱ्हाइकांले सांगते का धुतल्याशिवाय नेसू नका. अन् आपल्याच लेकराच्या खोलीत आनंदाच्या भरात मले नाक नव्हतं.

"जाईन दोन-चार दिवसांत," वैभव म्हणाला.

"कोण जाईन? वास का आपण?"

"तू लगेच चिडते वं."

"अजी, चिडू नाही तं का आरती ओवाळू? तिची छाती ऐकली ना तुम्ही? अन् हे ससे आणून ठेवले."

तो पलंगाच्या कडेवरून हात फिरवत राहिला. त्यानं ती कड घरी आणल्यावर स्वतः पॉलिश पेपरनं घासली होती, लेकराले टोचू नये म्हणून. मले त्याचं लय वाईट वाटलं, पण तोंडातून निघालेलं काही परत जात नाही.

शनिवारी संस्थेच्या श्वेता मॅडम घर पाहाले येणार होत्या. त्यांचं हो आलं तं गुरुवारी पोरगी घरी. मॅडम यायच्या आधी आमच्या घरानं जे केलं ते आमचंच घर करू शकते. सासूबाई म्हणाल्या, वास आहे ना, मंग वास मारा. त्यांनी शनिवारी सकाळपासून खोलीत उद लावला. मोनालीनं चारही कोपऱ्यांत कापलेले लिंबू ठेवले. वैभवनं बाजारातून मोगऱ्याचा स्प्रे आणला. मी ओरडून राहिली होती का बाई, दमेकरी लेकराच्या खोलीत धूर कायले करता, पण सणाचं घर अन् आमच्या सासूचा उद, दोन्ही कोणाले आवरत नाही. मॅडम यायच्या वेळेपर्यंत खोलीत माणूस दिसत नव्हता.

श्वेता मॅडम आल्या, खोलीत पाय टाकला अन् रुमाल नाकाले लावून बाहेर आल्या. खोकला थांबल्यावर पाणी प्यायल्या. बाई चांगली, आवाज चढवला नाही.

"ताई, ही खोली नाही चालणार."

सासूबाई म्हणाल्या, "आणखी उद लावतो ना."

"आजी, वास झाकून काय होणार? ज्याच्यामुळे वास येतो ते बाहेर काढायला हवं. हा पलंग, ही आलमारी म्हणजे भुसा दाबून केलेला बोर्ड आहे. त्यातला गोंद महिनोन्महिने हवेत सुटत राहतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. मोठ्या माणसाला नुसतं डोकं दुखतं. तिचा श्वास अडकेल." मंग माह्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "आपण पुढची तारीख घेऊ या का? पावसाळ्यानंतरची."

पुढची तारीख. आमच्या नशिबात पुढची तारीख म्हणजे काय ते मले चांगलं माहीत आहे. दवाखान्यात पण मले पुढची तारीखच देत.

मी मॅडमचा हात धरला. "गुरुवारच ठेवा. खोली रिकामी करते. रंगाची खोली बंद करून टाकते, ती आमच्या खोलीत झोपन, तिथं रंग लागून जमाना झाला. पलंग जुना आणते, गादी कापसाची भरून घेते. तुम्ही बुधवारी परत या अन् पाहा. पण तारीख नका बदलवू."

त्यांनी थोडा विचार केला. मंग म्हणाल्या, "ठीक. बुधवारी येते. आणि कपडे नवे नकोत, आणायला याल तेव्हा तिला घालायला एक जुना मऊ फ्रॉक सोबत आणा." खालच्या लेकरांचा आवाज ऐकून त्या हसल्या. "तुम्हाला काय, घरातच दोन मुलं वाढली आहेत. त्यांचे लहानपणीचे कपडे असतीलच."

त्या एकदम साधं बोलल्या. पण सासूबाईंनी खाली मान घातली. मोनाली चहाचे कप उचलून आत निघून गेली, त्यातला एक भरलेला होता.

आता हे सांगितल्याशिवाय समजणार नाही. आमच्या विणकरांच्या घरांत लेकराले पहिलं कापड नवं घालत नाहीत. ज्या घरचं लेकरू जगलं, वाढलं, धडधाकट आहे, त्याच्या अंगचं उतरलेलं कापड त्याच्या मायकडून पदर पसरून मागून आणायचं अन् ते घालायचं. घरात माग असो, कापडाचे ठाण पडलेले असो, पहिलं कापड मागूनच. माह्या आईनं माह्यासाठी मागितलं होतं, तिच्या आईनं तिच्यासाठी. पण त्यालेच चिकटून एक दुसरी गोष्ट आहे. ज्या बाईची ओटी रिकामी, तिले लेकराच्या अंगचं कापड द्यायचं नाही. लेकराचं आयुष्य तिच्या पदरात जाते म्हणते.

हे मले कोणी तोंडावर सांगितलं नाही. सासूबाई तशा तोंडानं कडक पण मनानं वाईट नाहीत. दोन्ही वेळा दवाखान्यात रात्रंदिवस त्याच बसल्या होत्या माह्यापाशी. पण मोनालीच्या पोरांचे कपडे लहान झाले का त्यांचं गाठोडं बांधून भिवापूरले जाये, सासूबाईंच्या भाचीकडं. पहाटेच्या गाडीनं जाये, मी उठायच्या आधी. मी गॅलरीत उभी राहून पाहिलं आहे ते गाठोडं जाताना. काय मागणं होतं माहं? एखादं दुपटं. आलमारीत ठेवलं असतं अन् कधीमधी नाकाशी धरलं असतं. इतकंच. पण मी मागितलं नाही अन् कोणी दिलं नाही, अन् जिन्यातून एकमेकींच्या भाज्यांच्या वाट्या जात-येत राहिल्या.

मॅडम गेल्या अन् आम्ही कामाले लागलो. वैभवनं पलंग, आलमारी खोलून गच्चीवरच्या टिनाखाली नेऊन टाकली. बाबांनी त्यांची सागवानाची बाज पाठवली, तिच्यावर मीच लहानपणी झोपली होती, लाकडाले आता नुसता लाकडाचा वास. तिची सुताची पट्टी मी धुऊन, उन्हात वाळवून परत विणली. गल्लीत गादीवाला येते, त्याच्याकडून जुना कापूस पिंजून छोटी गादी करून घेतली, वरून माह्याच साडीची खोळ. माह्या सुती साड्या, ज्या नेसून नेसून मलमलीसारख्या झाल्या होत्या, त्या फाडल्या अन् लंगोट शिवले, दुपटे शिवले, एक छोटी गोधडी टाकली. मशीन दिवसभर चालली. माह्या हातानं माह्या लेकीचं शिवून राहिली होती मी, कधी टाके सरळ आले कधी वाकडे, कारण डोळे सारखे भरून येत.

मंगळवारी सारं झालं. राहिलं ते पहिलं कापड.

वैभव म्हणाला, "तुह्या साडीचा फ्रॉक शीव ना एक. जुनंच कापड आहे, डॉक्टरीणबाई काही म्हणणार नाही."

"डॉक्टरीणबाई नाही म्हणणार."

"मंग?"

आता त्याले काय सांगू? मी बी.कॉम. झालेली आहे. कापडानं आयुष्य येत-जात नाही हे मले समजते. पण जी बाई दोनदा रिकाम्या हातानं परत आली ना, ती तिसऱ्यांदा काही सोडत नाही. डॉक्टरचं पण ऐकते अन् आजीचं पण. माह्या साडीत तिले गुंडाळीन, जन्मभर गुंडाळीन, पण पहिलं कापड दुसऱ्या मायनं दिलेलंच पाहिजे होतं मले. अन् खरं सांगू? ते तिच्यासाठी पाहिजे होतं तेवढंच माह्यासाठी. एकदा तरी कोणी मले लेकरवाळी समजून द्यावं.

बाजूच्या घरी गेली. तिथल्या बाईचं लेकरू दीड वर्षाचं, गुटगुटीत. मी विषय काढला तं ती लाजून आत गेली अन् कोरा डबा घेऊन आली. "कामिनीताई, तुमच्या लेकीले मी जुनं कसं देऊ? काहीतरीच तुमचं." डब्यावर धरमपेठेतल्या मोठ्या दुकानाचं नाव. उघडला तं तोच वास. मागच्या गल्लीतली गिऱ्हाईक होती, तिनं पण तेच केलं, नवीन देऊन वर चहा पाजला. मी दोन डबे घेऊन घरी आली. तोवर मले कधी वाटलं नव्हतं का नवीन वस्तूनं माणसाले इतकं परकं करता येते. परक्याले नवीन देतात. आपल्याले देतात ते जुनं असते.

रात्री वैभवनं ते दोन डबे पाहिले अन् सारं समजला. म्हणाला, "मोनालीले मी विचारू का?"

"तुम्ही नाही," मी म्हटलं. "हे बाईनंच मागाचं असते."

बुधवारी सकाळी श्वेता मॅडम आल्या. बाजेवर बसून पाहिलं, गादी हुंगली, खिडकी उघडी आहे का पाहिलं. "आता छान," म्हणाल्या. "उद्या या." त्या गेल्या अन् मी साडी नेसली. घरात मी गाऊनच घालते, पण गाऊनले पदर कुठं असते? अन् दुपारी खाली उतरली.

खाली उन्हाळ्याचे पापड सुरू होते. कूलरचा आवाज, उडदाच्या पिठाचा वास. सासूबाई लाटून राहिल्या होत्या, मोनाली लाट्या करून राहिली होती. तिची धाकटी गोपिका, चार वर्षांची, मधात बसून लाट्या चोरून खाऊन राहिली होती. मोठं पोरगं क्लासले गेलेलं. मले साडीत पाहून दोघींचे हात थांबले.

मी सारं ठरवून गेली होती. आधी पापडाचं विचारीन, मंग उद्याचं सांगीन, मंग हळूच विषय काढीन. पण माहा जीवच थाऱ्यावर नव्हता. उभ्या उभ्या पदर पसरला अन् म्हटलं, "मोनाली, माह्या लेकराले पहिलं कापड दे."

मोनाली माह्याकडं पाहत राहिली. मंग सासूबाईंकडं पाहिलं. मंग तिचा चेहरा असा झाला का मलेच कसंतरी झालं.

"ताई," ती म्हणाली, "काहीच नाही उरलं. सारंच भिवापूरले गेलं. एक टोपडं पण नाही ठेवलं मी."

ती खोटं बोलत नव्हती. मी स्वतः पाहिलं होतं जाताना. माह्या भीतीनं त्या घरानं आपल्या लेकरांची एक चिंधी पण मागं ठेवली नव्हती. राग यावा तं रागच येईना. नुसतं वाटलं का माही पोरगी उद्या येणार अन् तिच्यासाठी या दुनियेत कोणाच्या घरचं एक कापड नाही. मी पदर आवरला. "असू दे वं," एवढंच कसंतरी म्हटलं अन् वळली.

"थांबा," मोनाली म्हणाली.

तिनं पिठाचे हात आपल्याच साडीले पुसले. गोपिकाले दंडाले धरून जवळ ओढलं. गोपिकाच्या अंगावर एक फ्रॉक होता, तिच्या मामानं कधीतरी आणलेला, पोरगी तोच घालून झोपे अन् तोच घालून उठे. धुऊन धुऊन त्याच्यावरचा पोपट पुसून गेला होता, नुसती चोच राहिली होती. मोनालीनं तिचे दोन्ही हात वर केले अन् तो फ्रॉक डोक्यावरून काढला.

"माहा आहे तो," गोपिका ओरडली.

"हाव, तुहाच आहे," मोनाली म्हणाली. उतरलेलं नाही, लहान झालेलं नाही. अंगावरचं काढलं तिनं, जित्याजागत्या लेकराच्या. माह्यासमोर येऊन उभी राहिली. मले पदर परत पसराचं सुचलं नाही, तं तिनंच माहा पदर धरून सरळ केला अन् त्यात तो फ्रॉक ठेवला. तो गरम होता. त्याले घामाचा, खोबरेल तेलाचा अन् उडदाच्या पिठाचा वास होता. इतक्या वर्षांत मी गॅलरीत उभी राहून ज्याची आस धरली होती ना, तो हाच वास होता.

मी सासूबाईंकडं पाहिलं. आता काय म्हणते ही बाई, असं माह्या मनात आलं, अन् भांडाची माही तयारी पण होती. त्यांचं लाटणं पापडावर तसंच होतं. त्यांनी माह्या पदराकडं पाहिलं, मंग उघड्या गोपिकाकडं. पदराच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले.

"बाही मोठी होईन," त्या म्हणाल्या. "दुमडजो."

अन् परत लाटाले लागल्या.

मी जिन्यापाशी पोचली तं मोनाली मागं आली. आवाज इतका बारीक का कूलरपुढं ऐकू येईना.

"ताई, हिले काही होणार तं नाही ना?"

या सवालाचं उत्तर मी कितीक वर्षं तयार ठेवलं होतं, चांगलं मिरचीचा ठसका लागन असं. पण ते जिभेवर आलंच नाही. त्या पायरीवर उभ्या उभ्या मले करिष्माच्या छातीतली घरघर ऐकू येऊन राहिली होती. तिले उद्या आणलं अन् काही झालं तं, हेच मी इतके दिवस मनात घोकून राहिली होती. मोनाली भेत होती तशीच मी पण भेत होती, अन् भेणं एकाच जातीचं होतं.

"नाही वं," मी म्हटलं. "काही होत नाही. जा, तिले काहीतरी घाल. कूलरसमोर उघडी बसली आहे, सर्दी होईन."

गुरुवारी संस्थेत मी करिष्माले तो फ्रॉक घातला. बाह्या दुमडल्या तरी हात दिसेना, घेर पायांच्या खाली. त्यात ती पार बुडून गेली अन् माह्याकडं टकमक पाहत राहिली. तिथली ताई हसून म्हणाली, "अहो, फार मोठा होतो हा. इथला मापाचा एखादा देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "हा तिच्या घरचा आहे."